आवस, माय आणि आई

परदेशी जाऊन आलेल्या माणसाचा मोठा दोष असा, की तो ते कोणाला विसरू देत नाही. मॉरिशसहून परतल्याला मला दोन दिवाळ्या झाल्या. पण ‘तिकडे असे नसते’ म्हणायला मी तोंड उघडले, की माझी मुलगी अजूनही कानांवर हात ठेवते. म्हणून ज्या गोष्टीत माझीच फजिती झाली, तेवढीच आज सांगतो.

मी मूळचा नांदेडचा. नोकरी लातूरच्या एका कॉलेजात. मराठी शिकवायला वर्षभर परदेशी चाललो आहे, असे सांगितले तेव्हा शेजारचे काका म्हणाले, “मराठी शिकवायला? अहो सर, इथलीच पोरं शिकंनात, तिकडं कोण बसलंय?”

तिकडे बसले होते ते कोकणातून गेलेल्यांचे पणतू. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. १९२० पर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. बहुतेक लोक बिहारकडचे. पण मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसेही गेली आणि तिथलीच झाली. बेट केवढे? आमच्या लातूर जिल्ह्यात तीन मॉरिशस सहज मावतील! तरी तेथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने अजून रंगते. मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा पदवीपर्यंत अभ्यास होतो.

घरी मात्र मुले क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि शाळा इंग्रजीत शिकतात. पहिल्याच दिवशी मी ‘मातृभाषेचे महत्त्व’ या विषयावर माझे ठेवणीतले व्याख्यान दिले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “गुरुजी, मराठी माझी मातृभाषा नाही. माझ्या आईचीही नाही. माझ्या पणजीची होती. म्हणून मी शिकते.” वीस वर्षे घोटलेले व्याख्यान तिथेच संपले.

याच मुलीने पुढे पणजीवर निबंध लिहिला. त्यात पणजीच्या आईला तिने ‘आवस’ म्हटले होते. मी लाल शाईने तो शब्द खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात ‘आई’ असे लिहिले. प्रमाण भाषेवर माझे फार प्रेम! त्याला कारणही आहे. एम. ए.च्या वर्गात मी एकदा ‘करायलोय’ म्हणून गेलो आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून नांदेडची बोली मी जिभेवरून घासून काढली होती.

असे मला वाटत होते. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटता सुटता नांदेडहून आईचा फोन आला. “काय करायलास, बाळा?” “काही नाही गं माय, पोरांच्या वह्या तपासायलोय.” फोन ठेवून पाहतो, तो ती मुलगी वही घेऊन समोर उभी. तिने अगदी निरागसपणे विचारले, “गुरुजी, माय म्हणजे आई ना? मग तो शब्द चूक आहे का?”

काय सांगणार? तिच्या घराण्यात चार पिढ्यांच्या उसात आणि फ्रेंचमध्ये तो एक शब्द कोणी तरी जपून ठेवला होता. आणि एका मराठीच्या प्राध्यापकाने तो अर्ध्या मिनिटात खोडला होता. मी तिची वही घेतली, ‘आई’ खोडले आणि पुन्हा ‘आवस’ लिहिले. तीही लालच शाई.

पुढे एका रविवारी ती मंडळी मला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर घेऊन गेली. बोटीतून उतरलेले मजूर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढले, त्या तेथे जतन केल्या आहेत. सगळे बराच वेळ उभे होते. मला मात्र आमचे मुकादम आठवत होते. मराठवाड्यातही दसरा झाला, की उचल घेतलेली नवराबायको बिऱ्हाड गाडीत टाकून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात. त्यांच्यासाठी कोणी पायऱ्या जतन केलेल्या नाहीत. त्यांची मुले माझ्या वर्गात असतात. आणि ती दिवाळीनंतर आली नाहीत, की मी हजेरीपुस्तकात फुली मारून मोकळा होत असे.

परतल्यावर त्या फुलीशी मी थांबू लागलो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘माझी दिवाळी’ हा विषय दिला. एका मुलाच्या वहीत पहिलेच वाक्य होते: “माय कारखान्याला गेली, म्हणून यंदा घरी दिवाळी केली नाही.”

लाल पेन हातात होते. ते मी टोपण लावून खिशात ठेवले आणि त्याला विचारले, “माय कधी येणार रे?”

“पट्टा पडल्यावर, सर,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात.”