पोटाचा घेर आणि खेड्यातला माणूस

मंडळी, पोट सुटलेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? लोडाला टेकून बसलेला सावकार, नाही तर शहरातला शेठजी. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा रोग, आपण राबणारी माणसे, आपल्याला त्याचे काय, अशी आपली जुनी समजूत आहे. ही समजूत आता टाकून द्यायला हवी. तिच्यामुळेच पुष्कळांचे दुखणे फार उशिरा उमगते.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २४, आणि शंभर पुरुषांपैकी सुमारे २३ जणांचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले. त्याच पाहणीत शंभरांतल्या सुमारे १९ स्त्रिया हडकुळ्याही निघाल्या. म्हणजे एक दुखणे पुरते गेले नाही, तोच दुसरे येऊन बसले. शहरात लठ्ठपणा अधिक खरा. पण खेड्यातही तो वाढतोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, गरिबाच्या पोटावर चरबी यायची कुठून? तर बघा. रेशनवर पात्र कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. तो मोठाच आधार आहे. पण डाळ, भाजी, दूध, अंडी ही विकतच आणावी लागतात. हात आखडला की ताटात भात-भाकरी वाढते आणि डाळ पातळ होते. जोडीला स्वस्त तेल, गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. पोट भरते, पण अंगाला हवे ते मिळत नाही.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा व बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी पावणेतीन किलोंच्या आतच होते. इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन किलोंच्या आसपास. पण गंमत अशी की, या लहानग्यांच्या अंगात मांस कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे अंगाने बारीक, पण आतून लठ्ठ!

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी शंभरांत ९ भाग, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ भाग. ही चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठली की साखर आणि रक्तदाब वाढायला लागतात. म्हणून भारतीयांसाठी धोक्याची खूण अलीकडे आणली आहे: पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरांपर्यंत, स्त्रीची ८० पर्यंत, त्यापुढे सावध.

आता खरा प्रश्न. ही खूण कोणाची, कधी पाहिली जाते? शहरातला नोकरदार दरसाल तपासणी करून घेतो. खेड्यातली मजूर बाई दवाखान्यात जाते ती पायाची जखम भरेना तेव्हा. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली आणि गाडीभाडे गेले ते वेगळेच. तिथे तिला सांगतात, "वजन कमी करा, फिरायला जा, फळे खा." दिवसभर वाकून निंदणी केलेल्या बाईने फिरायला कधी जावे? फळे कशाने आणावीत? आहार समजावून सांगणारा माणूस बहुधा जिल्ह्याच्या गावी. वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्याकडे बाजारात आली, तेव्हा महिन्याचा खर्चच दहा हजारांच्या वर होता. मग ती बाई परत येत नाही, आणि लोक म्हणतात, "हिलाच आपल्या जिवाची काळजी नाही." दोष बाईचा नव्हे. तिला जमेल असा उपाय कोणी सांगितलाच नाही.

जमण्यासारखे काय आहे? पहिले माप घरीच घ्या. एक सुतळी घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत आपली उंची मोजून तोडा आणि तिची मधोमध घडी घाला. ही अर्धी सुतळी, श्वास सोडल्यावर, खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाभोवती धरा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर तपासणी करून घ्या.

दुसरे, तिशी उलटलेल्यांसाठी आशाताईंजवळ एक तक्ता असतो. त्यात कमरेचे माप, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह यांना गुण देतात. चारांहून अधिक गुण आले तर तपासणी आधी करायची. ताई दारी आल्या की, "ताई, माप घ्या" असे आपणच म्हणावे. सरकारी केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून मिळते.

तिसरे, फार मोठी उडी नको. साठ किलोंच्या माणसाचे तीन-चार किलो उतरले तरी साखरेला, रक्तदाबाला उतार पडतो. तेलाची पिशवी महिन्याला एक कमी आणा आणि त्या पैशांत मटकी, हरभरा आणा. चहात साखर निम्मी करा. बांधावरची पालेभाजी आणि शेवग्याचा पाला विसरू नका.

गुरुजी आणि बाईंनो, तुम्हाला एक विनंती. शाळेचे मैदान संध्याकाळी बायांना चालण्यासाठी उघडे ठेवता आले तर पाहा. रस्त्यावर एकट्या फिरायला ज्या लाजतात, त्या बचत गटाच्या सोबतीने चालतील. आणि जाड माणसाला वर्गात किंवा चावडीवर कोणी हसू लागले तर त्याला तिथेच थांबवा. हसू झालेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

ग्रामसभेतही एक प्रश्न विचारा: आपल्या गावात तिशीवरच्या किती जणांची तपासणी झाली, आणि ज्यांची साखर वाढलेली निघाली त्यांना गोळ्या दरमहा मिळतात काय? शहरातल्या माणसाला जे वेळेवर कळते, ते आपल्यालाही वेळेवर कळले पाहिजे. सुरुवात आज घरातल्या सुतळीने करा.