ससा औषध घेत नाही? आधी टॉवेल काढा

नागपुरातल्या ससेवाल्यांनो, डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं की खरी कसरत घरी सुरू होते. सशाला उताणं धरू नका. तो गप्प पडतो ते भीतीनं, आणि औषध श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. कान धरून उचलणं तर विसराच.

जमिनीवर बसा, त्याला टॉवेलात गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. मागचे पायही आत हवेत. त्यांच्यात इतकी ताकद असते की जोरात झटका देताना ससा स्वतःचाच मणका मोडून घेऊ शकतो. आता बिनसुईची १ मिलीची सिरिंज. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. ओठाच्या कडेनं टोक तिथं सरकवा, थोडं थोडं सोडा, गिळू द्या, मग पुढचं. टोकाला कुस्करलेलं केळं लावलं तर काही महाशय आपणहून चाटायला येतात. (संत्रानगरीत राहून केळ्याची शिफारस करतोय, माफ करा!)

घरात उरलेलं अँटिबायोटिक चुकूनही नको. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, सशाचा जीवही जाऊ शकतो. शिवाय ससा ओकू शकत नाही. पोटात गेलं ते गेलं.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की टॉवेलातलं काम झटपट उरका. आणि ससा अर्धा दिवस काही खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच न्या.