संकरित ऱ्होडोडेंड्रॉन : एका फुलझाडाची बहुकेंद्री चाचणी

नवे औषध हाती आले की आपण डॉक्टर मंडळी तीन प्रश्न विचारतो. चाचणी कोठे झाली? कोणत्या रुग्णांवर झाली? आणि त्यांचा पाठपुरावा किती काळ केला गेला? या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज आपली लेखणी सहसा पुढे सरकत नाही. तेच आपण रविवारी सकाळी रोपवाटिकेत गेलो, की फुलाचा रंग पाहतो, किंमत विचारतो आणि कुंडी गाडीत ठेवतो. ते झाड आपल्या मातीत, आपल्या उन्हाळ्यात पाच वर्षांनी कसे दिसेल, हा प्रश्न मनात येतच नाही.

हा प्रश्न ज्यांनी चिकाटीने विचारला आणि त्याचे उत्तर मिळवण्याची पद्धतही घडवली, त्यांत संकरित ऱ्होडोडेंड्रॉनची जोपासना करणाऱ्या मंडळींचा क्रमांक फार वरचा आहे. त्यांच्या अनुभवाचा थोडक्यात परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

डॉक्टरांच्या नावांची फुले

हिमालयात प्रवास करून आलेल्यांना हे झाड परिचित असेल. गढवाल-कुमाऊँत त्याला बुरांश म्हणतात. तो उत्तराखंडाचा राज्यवृक्ष असून त्याच्या फुलांचे लाल सरबत तेथे सर्वत्र मिळते. नेपाळात तोच लालीगुराँस, त्या देशाचे राष्ट्रीय फूल. याच बुरांशाचा एक उपप्रकार पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, निलगिरी, पळणी आणि अनैमुडीच्या उंच डोंगरांवरही आढळतो. ऱ्होडोडेंड्रॉन या कुळात अशा हजाराहून अधिक नैसर्गिक जाती आहेत. कुंडीत लावतात ती अझेलियाही त्यांतलीच.

या फुलांच्या नावांत आपल्या व्यवसायाचा एक जुना अध्याय दडलेला आहे. सिक्कीमची ऱ्होडोडेंड्रॉन जगापुढे आणणारे जोसेफ डाल्टन हुकर हे ग्लासगोचे १८३९ चे एम. डी.; 'एरेबस' जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडे गेले तेही साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणूनच. १८४९ साली सिक्कीममध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर कैदेत असलेले दार्जिलिंगचे अधीक्षक कॅम्पबेल हेसुद्धा डॉक्टरच. हुकर यांचा सिक्कीममधील ऱ्होडोडेंड्रॉनवरील सचित्र ग्रंथ १८४९ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील नावे पाहावीत. 'थॉम्सोनाय' हे थॉमस थॉम्सन यांच्या नावावरून, 'फाल्कोनेराय' ह्यू फाल्कोनर यांच्या, तर 'वाइटाय' रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून. 'ग्रिफिथिएनम' हे नाव विल्यम ग्रिफिथ यांचे स्मरण देते. हे चौघेही कंपनी सरकारच्या सेवेतील डॉक्टर होते.

हुकर यांनी पाठवलेले बियाणे इंग्लंडातील बागांमध्ये रुजले आणि लगेच एक गोष्ट ध्यानात आली. कॉर्नवॉल किंवा पश्चिम स्कॉटलंडच्या दमट, सौम्य किनाऱ्यावर जी रोपे जोमाने वाढत, तीच इतरत्र काचघराखेरीज जगत नसत. झाड तेच, बियाणे तेच; फरक होता तो ठिकाणाचा.

संकराचे प्रयोजन

या अडचणीतून संकराला चालना मिळाली. हिमालयातील बुरांशाकडे रक्तवर्ण होता, पण कडक थंडी सोसण्याची ताकद नव्हती. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतील 'कॅटॉबिएन्स' ही जाती १८०९ साली इंग्लंडात आली होती. तिचा रंग साधा जांभळट, परंतु प्रकृती विलक्षण काटक. बुरांश इंग्लंडात प्रथम १८२५ मध्ये फुलला आणि अशा काटक जातींशी त्याचा संकर करण्यास त्यानंतर लवकरच आरंभ झाला. एकाचा रंग आणि दुसऱ्याची प्रकृती एकत्र आणावी, ही त्यामागची साधी कल्पना. संकरातून निवडून नाव दिलेल्या अशा प्रत्येक झाडाला आपण येथे 'वाण' म्हणू.

विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या दोन प्रसिद्ध निर्मितींची तुलना या विषयाचे मर्म सांगते. १९०१ साली ससेक्समधील लिओनार्ड्सली येथे सर एडमंड लोडर यांनी ग्रिफिथिएनमचा चीनमधील 'फॉर्च्युनी' या जातीशी संकर केला. त्यातून निघालेल्या लोडेराय गटातील वाणांची फुले मोठी आणि सुगंधी असून सौंदर्याच्या निकषावर आजही ती अग्रपूजेचा मान घेतात. त्याच सुमारास, १९०२ मध्ये, हॉलंडमध्ये कॅटॉबिएन्सच्या वंशातून 'नोव्हा झेम्ब्ला' हा लाल वाण तयार झाला. त्याची फुले लोडेरायपुढे सामान्यच म्हणावी लागतील. मात्र लोडेराय साधारण उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात, तर नोव्हा झेम्ब्ला उणे ३२ अंशांच्या आसपासही तग धरतो. ससेक्सच्या प्रदर्शनात लोडेराय पहिला येईल. पेनसिल्व्हेनियाच्या अंतर्भागात लावला, तर एखाद्या कडक हिवाळ्यात तोच समूळ नाहीसा होईल. यांपैकी श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला गावाचे नाव सांगितल्याशिवाय अर्थच नाही.

थंडीचा आकडा काय सांगत नाही

प्रत्येक वाणापुढे किमान तापमानाचा एक आकडा छापण्याची प्रथा त्यामुळे पडली. हा आकडा उपयुक्त आहे, पण रक्तदाबाच्या एका नोंदीवरून रुग्णाची प्रकृती ठरवता येत नाही, तसेच याचेही आहे. पाने आणि खोड सुखरूप राहून केवळ फुलांच्या कळ्या थंडीने मरू शकतात. तसे झाड जगते, पण फुलत नाही. एकच रात्र उणे २० अंश असणे वेगळे आणि गोठलेल्या जमिनीवर आठवडाभर ऊन व कोरडा वारा असणे वेगळे. मुळांना पाणी मिळत नाही आणि पानांतून ते उडत राहते. अशा वेळी झाड थंडीपेक्षा तहानेनेच मरते. कडक थंडीत ऱ्होडोडेंड्रॉनची पाने खाली लोंबून नळीसारखी गुंडाळली जातात, ती त्याची स्वसंरक्षणाची युक्ती होय. शिवाय लवकर फुलणारा वाण वसंतातील उशिराच्या एखाद्या हिमरात्रीत सारा बहर गमावून बसतो. त्याची नोंद किमान तापमानाच्या आकड्यात कोठेच नसते.

म्हणून काही अभ्यासकांनी कठोर हवामान हाच परीक्षक मानला. अमेरिकेत डेव्हिड लीच यांनी पेनसिल्व्हेनियातील ब्रुकव्हिल येथे, जेथे हिवाळा कोणाचीही गय करीत नाही, आपले संकर उघड्यावर वाढवले. फिनलंडमध्ये १९७३ साली हेलसिंकी विद्यापीठाने असाच उपक्रम हाती घेतला. कोरियातून आलेली एक अतिकाटक जाती तेथील मुस्तिला वृक्षोद्यानात दशकानुदशके टिकून होती. तिच्या आधारे हजारो रोपे तयार करून ती लावण्यात आली. १९८० च्या दशकाच्या मध्यातील भीषण हिवाळ्यांनी त्यांची छाननी केली. जी वाचून फुलली त्यांतून 'हेलसिंकी युनिव्हर्सिटी', 'मिक्केली', 'एल्विरा' यांसारखे वाण निवडले गेले. हेलसिंकीच्या हागा भागातील ऱ्होडोडेंड्रॉन उद्यान हे मूळचे या चाचणीचेच क्षेत्र. आज जून महिन्यात नागरिक तेथे फुले पाहण्यासाठी गर्दी करतात.

उष्णता आणि मुळे

थंडीवर उत्तर मिळाले तरी उष्णतेचा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक बिकट आहे. दिवसाचे ऊन सावलीने कमी करता येते, परंतु रात्र उष्ण राहिली तर झाडाचा श्वसनवेग चढा राहतो आणि दिवसा साठवलेली साखर रात्रीत खर्च होते. त्याहून मोठा शत्रू जमिनीत असतो. ऱ्होडोडेंड्रॉनची मुळे केसासारखी बारीक असून जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. माती ऊबदार आणि पाणथळ झाली, की 'फायटॉप्थोरा सिनॅमोमी' हा बुरशीसदृश जंतू मुळकूज घडवतो. बाहेरून झाड सुकल्यासारखे दिसते, मालक आणखी पाणी घालतो आणि रोग बळावतो. चुकीच्या निदानावर केलेल्या उपचाराचे हे उदाहरण आपल्याला अपरिचित नसावे.

ओहायोतील संशोधकांनी १९७० च्या दशकात तीनशेहून अधिक जाती व वाणांना मुद्दाम या रोगाचा संसर्ग करून पाहिला. प्रतिकारक्षम निघाले ते अगदी थोडे. जोसेफ गेबल यांचा 'कॅरोलाइन' हा त्यांपैकी एक. पुढे तैवानमधील 'हायपेरिथ्रम' या जातीत मुळकुजीस चांगला प्रतिकार आढळला. तिच्याच आधारे लुइझियानातील जॉन थॉर्नटन यांनी अमेरिकेच्या उष्ण व दमट दक्षिण भागासाठी 'साउथगेट' मालिकेतील वाण तयार केले.

याउलट उदाहरण जपानच्या याकुशिमा बेटावरील 'याकुशिमानम' या जातीचे. तिची दोन रोपे १९३४ साली इंग्लंडातील एक्सबरी येथे आली आणि १९४७ च्या चेल्सी प्रदर्शनात तिने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. तिच्यापासून झालेल्या बुटक्या, आटोपशीर संकरांना हिमगौरीच्या सात बुटक्यांची नावे देण्यात आली. त्यांत 'डॉक' हाही आहे, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल. ब्रिटनच्या थंड, ओलसर हवेत ही झाडे आदर्श ठरली. उष्ण रात्रींच्या प्रदेशात मात्र त्यांची प्रकृती साथ देत नाही.

मातीची गोष्टही अशीच. या कुळाला आम्लधर्मी, म्हणजे साधारण ४.५ ते ६ सामू असलेली, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही. पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर जर्मनीतील रोपवाटिकाधारकांनी चुना सोसणारा 'इंकार्हो' हा खुंट विकसित केला. त्यावर कलम केल्यास वाण तोच राहतो, पण त्याची जमिनीची मर्यादा रुंदावते. त्यामुळे परीक्षेच्या नोंदीत वाणाबरोबर खुंटाचाही उल्लेख आवश्यक ठरतो.

परीक्षेची रीत

अमेरिकन ऱ्होडोडेंड्रॉन सोसायटीची स्थापना १९४५ सालची. तिच्या परंपरेत वाणाला एका गुणाऐवजी तीन गुण देतात : फुलाला, झाडाच्या ठेवणीला आणि बागेतील प्रत्यक्ष कामगिरीला, प्रत्येकी पाचपैकी. ५/३/२ असे लिहिलेले दिसले, की जाणकार समजतो : फूल अप्रतिम, झाड बेताचे, सांभाळणे कठीण. याखेरीज सोसायटीच्या स्थानिक शाखा आपापल्या भागात खात्रीने चालणाऱ्या वाणांच्या वेगळ्या याद्या करतात. ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९२२ पासून उद्यानगुणांसाठी पुरस्कार देते आणि वेळोवेळी यादीचा फेरविचार करून काही वाणांचा पुरस्कार काढूनही घेते.

चांगल्या चाचणीची लक्षणे आपल्या ओळखीची आहेत. एका वाणाचे एकच रोप पुरत नाही, अनेक लावावी लागतात. शेजारी परिचित जुना वाण तुलनेसाठी असावा लागतो. निरीक्षण किमान पाच-दहा वर्षे हवे, कारण कोवळे रोप आणि प्रौढ झाड यांची सोशिकता सारखी नसते. फुलांनी बहरलेल्या वर्षाप्रमाणे न फुललेल्या वर्षाचीही नोंद हवी. आणि मेलेल्या झाडांचा हिशेब तर हवाच हवा. जगलेल्या झाडांचेच कौतुक छापले, तर पाठपुराव्यातून सुटलेले रुग्ण वगळून लिहिलेल्या शोधनिबंधासारखीच त्याची किंमत होते. प्रदर्शनातील फुलांचा गुच्छ एका दिवसाचा असतो. बागेला झाडाबरोबर वर्षे काढायची असतात.

आता यात हवामानबदलाची भर पडली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ साली किमान तापमानाचा नवा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा देशाचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या विभागाने अधिक उबदार गटात सरकला. जुने आकडे त्यामुळे जुने झाले. दुसरीकडे, २०११ च्या जागतिक पाहणीनुसार या कुळातील सुमारे चतुर्थांश जाती संकटग्रस्त आहेत. उष्णता किंवा रोग सोसण्याचा गुण उद्या कोणत्या रानटी जातीत सापडेल, हे आज सांगता येत नाही. तैवानमधील त्या जातीचे मोलही उशिराच कळले. ती डोंगरावर शिल्लक होती, म्हणून ते कळू शकले.

आपल्यासाठी बोध

दार्जिलिंग, गंगटोक किंवा सिमल्याच्या सहलीहून हे रोप आपल्या इंदुरात आणण्याचा मोह अनेकांना होतो. माळव्याची काळी, चिकण, अल्कधर्मी माती, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि चाळिशी ओलांडणारा मे महिना ध्यानात घेता, हा मोह आवरावा हेच उत्तम. रोप पहिला उन्हाळा काढील की नाही याचीच शंका, आणि काढलाच तर पावसाळा मुळांवर बेतेल. बुरांश पाहायचा तो फाल्गुन-चैत्रात कुमाऊँत जाऊन.

मात्र त्या मंडळींची पद्धत आपण अवश्य उचलावी. रत्नागिरीचा हापूस दुसऱ्या मातीत झाड म्हणून वाढतो, परंतु रत्नागिरीची चव देत नाही, हे आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे. ते वाणाच्या परीक्षेचेच ज्ञान होय. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या बागा आहेत. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांचे कोणते वाण कोणाच्या अंगणात किती वर्षे टिकले, कोणत्या उन्हाळ्यात गेले, कोणत्या मातीत फुलले, एवढ्या नोंदी दहा घरांनी पाच वर्षे प्रामाणिकपणे ठेवल्या, तर या शहरासाठी एक विश्वासार्ह यादी तयार होईल. रुग्णाची टिपणे ठेवण्याची सवय आपल्याला आहेच. एक वही बागेसाठी घालावी, अशी सर्व सभासदबंधुभगिनींना नम्र विनंती.