घरावर खोली चढवताना

आपल्या गावातील कोणत्याही मोहल्ल्यात एखाद्या उंच घराच्या गच्चीवर जाऊन उभे राहा आणि चारी बाजूंना पाहा. अनेक घरांच्या छतांमधून लोखंडी सळया वर आलेल्या दिसतील. काही वाकलेल्या, काही गंजून तांबड्या झालेल्या. त्यांवर कपडे वाळत घातलेले असतात. या सळया म्हणजे घरमालकाची उमेद आहे. आज पैसे नाहीत, पण उद्या घर वाढवू, वर एक खोली चढवू, असे त्या सांगत असतात.

मग तो दिवस येतो. घरात माणसे वाढतात, थोरल्या भावाचे लग्न ठरते. मिस्त्री येतो, छतावर पाय आपटून पाहतो आणि म्हणतो, "घर मजबूत आहे. महिन्याभरात खोली उभी करतो." पाय आपटून घराची ताकद कळते का? चला, आपण थोडा हिशोब करू. हा हिशोब सातवीच्या मुलालाही येईल.

खोली 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब धरू. तिचे छत म्हणजे स्लॅब, 5 इंच जाड. याचे घनफळ 50 घनफूट होते. एक घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 70 किलो असते. म्हणजे नुसता स्लॅब साडेतीन हजार किलोंचा, अर्थात साडेतीन टनांचा झाला. आता भिंती घ्या. चारही भिंतींची लांबी मिळून 44 फूट, उंची 10 फूट, आणि विटांची जाडी 9 इंच. दार व खिडक्यांची जागा वजा केली तरी सुमारे 290 घनफूट बांधकाम उरते. विटांच्या बांधकामाचे वजन घनफुटाला 54 किलोंच्या आसपास असते. गुणाकार तुम्हीच करा. साडेपंधरा टन! प्लास्टर आणि फरशी धरली तर ही लहानशी खोली वीस टनांच्या जवळ जाते. मोठा हत्ती चार टनांचा असतो. म्हणजे तुमच्या गच्चीवर पाच हत्ती उभे राहिले आणि ते पुन्हा कधी खाली उतरणार नाहीत.

यात माणसे, पलंग आणि कपाट मोजलेलेच नाही. राहत्या खोलीत एका चौरस मीटरला 200 किलो असा भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी मात्र 150 किलो धरतात. म्हणजे छत म्हणून बांधलेल्या स्लॅबला आपण आता जमिनीचे काम सांगत असतो. वर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली, तर पाण्याचाच आणखी एक टन.

आता प्रश्न असा की हे वजन जाते कुठे? ते वर थांबत नाही. स्लॅब आपला भार तुळईवर, म्हणजे बीमवर टाकतो. बीम तो खांबांना देतो. खांब पायाला देतात आणि पाया शेवटी मातीला देतो. पाया म्हणजे तुम्ही घरी ज्याला बुनियाद म्हणता तेच. हमालाच्या डोक्यावरचे पोते त्याच्या मानेतून, कमरेतून पायांपर्यंत उतरते, तसाच हा रस्ता आहे. म्हणून वरचा खांब खालच्या खांबावरच यावा, आणि वरची भिंत खालच्या भिंतीवर किंवा बीमवर यावी. पुष्कळ लोक खाली एक मोठी खोली असते, तिच्यावर दोन लहान खोल्या करतात आणि मधली भिंत सरळ स्लॅबच्या मध्यावर उभी करतात. त्या भिंतीखाली काहीच नसते. काही महिन्यांनी खालच्या छताला लांब चीर पडते. मग लोक म्हणतात, सिमेंट खराब होते.

हा रस्ता मधेच तोडला तर काय होते, हे 25 जुलै 2017 रोजी मुंबईच्या घाटकोपर भागात दिसले. तेथील चार मजली इमारत दिवसाढवळ्या कोसळली आणि 17 जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर दुरुस्तीचे काम चालू होते. त्या कामात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. खोली वाढवायची म्हणून खालची एखादी भिंत किंवा खांब काढणे किती भयंकर आहे, हे यावरून समजेल.

गॅलरीची गोष्ट वेगळी आहे. तुमचे खोडरबर काढा. दोन्ही टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. रबर खालच्या बाजूने ताणले जाते. आता एक टोक घट्ट धरून दुसरे मोकळे टोक खाली दाबा. आता ते वरच्या बाजूने ताणले जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. ताण सोसायला सळई लागते. म्हणून दोन्हीकडे आधार असलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खाली असते, आणि बाहेर आलेल्या गॅलरीत ती वर असावी लागते. काँक्रीट ओतताना मजूर त्याच सळयांवरून चालतात, त्या खाली दबतात, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अशी गॅलरी एखाद्या लग्नाच्या दिवशी वरात पाहायला माणसांनी भरली म्हणजे सगळ्यांच्या लक्षात येते.

भूकंपाचेही येथेच सांगून टाकतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. तेथे दगडमातीच्या भिंतींवर जाड मातीचे माळवद असलेली घरे पुष्कळ होती. जमीन हलली तेव्हा ते वजनच माणसांवर आले. भूकंपात जड डोके वाईट. म्हणून वर बांधायचेच असेल तर हलक्या ब्लॉकच्या भिंतींचा विचार करावा. सच्छिद्र काँक्रीटचे असे ब्लॉक विटांच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असतात.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. आम्हालाही वर खोली हवी होती. अब्बांनी मिस्त्रीशी बोलणे पक्के केले होते. मी हट्टाने एका इंजिनिअरला बोलावले. त्याने गच्चीवर जाण्याऐवजी खांबाशेजारी खड्डा खणायला सांगितला. अब्बांना ते आवडले नाही. "खोली वर करायची आहे आणि हा खाली खणतो," ते म्हणाले. तीन फुटांवर पाया संपला आणि खाली काळी माती लागली. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे तुम्ही शेतातील भेगांवरून जाणता. मुरूम साडेपाच फुटांवर होता. शिवाय गच्चीवरच्या सळया वीतभरच बाहेर होत्या. बारा मिलिमीटरच्या सळईला नवी सळई जोडायची तर दोन्ही सुमारे दोन फूट एकमेकींना लागून असाव्या लागतात. इंजिनिअरने सरळ नकार दिला.

शेवटी खोली मागच्या अंगणात झाली. तिचा पाया मुरुमापर्यंत नेला. जुन्या घराचा पाया उघडा पडू नये म्हणून खड्डे थोडे दूर आणि एकेक करून खणले. जुने घर बसून स्थिर झालेले असते, नवे अजून थोडे बसणार असते. दोघांना घट्ट जोडले तर जोडावर चीर पडणारच. म्हणून दोन्ही भिंतींमध्ये इंचभर फट ठेवली आणि वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी बसवली.

ती फट अजून तशीच आहे. घरी आलेला पाहुणा ती पाहून काळजीने विचारतो, "भिंत तडकली काय?" अब्बा हसून म्हणतात, "तडकली नाही. पैसे देऊन करून घेतली आहे."