दोन संगणकांवरील आभासी यंत्रांचा संपर्क : दोष शोधण्याचा क्रम

प्रयोगशाळेतील दोन संगणकांवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येकी एक आभासी यंत्र सुरू केले जाते. दोन्हींवर इंटरनेट चालते, परंतु ती एकमेकांना सापडत नाहीत. आयपी पत्ता पाहिल्यास दोन्हीकडे बहुधा १०.०.२.१५ हाच आढळतो. या पत्त्यावर पिंग केल्यास उत्तरही येते. मात्र ते त्या यंत्राचे स्वतःचेच असते. विद्यार्थ्याला संपर्क जुळल्याचा भास होतो.

याचे कारण 'नॅट' ही मूळची मांडणी होय. तीत प्रत्येक यंत्र आपल्या संगणकाआड वेगळ्या खासगी जाळ्यात राहते. त्याला बाहेर जाता येते. बाहेरच्याला मात्र आत येता येत नाही.

म्हणून दोन्हीकडे 'ब्रिज्ड अडॅप्टर' व केबल जोडलेले नेटवर्क कार्ड निवडून यंत्रे पुन्हा सुरू करावीत. पत्ते एकाच जाळ्यातील, पण भिन्न असावेत. एका यंत्राची नक्कल करून दुसरे केले असल्यास मॅक पत्ताही बदलला आहे ना, हे पाहावे. नंतर राउटर, समोरचा संगणक व समोरचे यंत्र या क्रमाने पिंग करावे. उत्तर जेथे थांबते तेथे दोष शोधावा. विंडोजची फायरवॉलही पिंग अडवू शकते. ती बंद न करता केवळ पिंगला परवानगी द्यावी.