वंडर वूमन, मीटिंगची वही घ्या!

मैत्रिणींनो, मुलांच्या हातातलं कॉमिक तुम्ही शेवटचं उघडून कधी पाहिलंत? झोपलेल्या पोराच्या छातीवरून अलगद उचललं आणि फडताळात ठेवलं, तेवढीच आपली त्याची ओळख. पोर गप्प बसलंय ना, मग झालं! पण डाळ निवडून आणि तेल वास घेऊन वापरणाऱ्या आपण, या रंगीत चित्रांतून घरात काय येतं ते एकदा निवडून बघायला काय हरकत आहे?

सुरुवात अमेरिकेतल्या एका बाईपासून करते. तिचं नाव वंडर वूमन. 1941 साली विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ती निर्माण केली. मुलींसमोर एक बलवान बाई असावी, हा त्याचा उघड हेतू होता. आपल्याकडे 'हातात बांगड्या भरल्यात का' म्हणून पुरुषांना हिणवतात. ही बाई हातातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या परतवत असे! मुलामुलींनी तिला डोक्यावर घेतलं. मग 1942 मध्ये तिला सगळ्या शूर वीरांच्या मंडळात, 'जस्टिस सोसायटी'त, घेतलं. आणि काम कोणतं दिलं असेल? सेक्रेटरीचं! वीर मंडळी लढाईवर निघत आणि ही त्यांना शुभेच्छा देऊन मागे राही. सोसायटीच्या सभेत 'वहिनी, तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच लिहून घ्या' हे वाक्य ऐकलेल्या माझ्या वाचक भगिनींना हसू आलं असेल. मला तर आलंच, आणि पाठोपाठ रागही.

पण चित्रातल्या बाईपेक्षा मला जास्त चुटपुट लागली ती चित्रामागच्या बाईची. जॉय हमेल ही एकोणीस-वीस वर्षांची मुलगी सेक्रेटरीचं शिक्षण घेत होती. मार्स्टन तिथे मानसशास्त्र शिकवत. तिची हुशारी पाहून 1944 मध्ये त्यांनी तिला मदतीला घेतलं. पुढे त्यांची तब्येत ढासळली, तेव्हा ती स्वतःच गोष्टी रचू लागली. सत्तराहून अधिक कथा तिने लिहिल्या. छापून आलं ते मार्स्टन यांचं टोपणनाव. 1947 मध्ये मार्स्टन वारले. तिचंही लग्न झालं होतं. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची लहान मुलगी सांभाळायची म्हणून तिने लिहिणं सोडलं. त्या क्षेत्रातला मानाचा बिल फिंगर पुरस्कार तिला मिळाला 2018 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. 2021 मध्ये ती गेली. एवढं लिहूनही दशकानुदशकं किती वाचकांना तिचं नाव ठाऊक होतं, सांगा बघू!

ती गेल्यावर वंडर वूमनचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. तिच्या अंकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू झालेली खऱ्या कर्तबगार बायकांची चरित्रं येत. ती हळूहळू मागे पडली आणि देशोदेशींच्या लग्नाच्या चालीरीती येऊ लागल्या. रुखवताबद्दल वाचायला मलाही आवडतं हो, पण नाइटिंगेलबाईंना बाहेर काढून नव्हे. 1968 मध्ये तर तिच्या सगळ्या शक्ती काढून घेऊन तिला कपड्यांचं दुकान घालून दिलं. 1972 मध्ये ग्लोरिया स्टायनेम आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मिस' हे स्त्रियांचं मासिक काढलं. त्याच्या जुलैच्या अंकावर त्यांनी मुद्दाम जुनी, ताकदवान वंडर वूमन छापली. पुढच्याच वर्षी शक्ती परत आल्या!

बाकीच्या बायकांचं नशीब एवढं थोर नव्हतं. 1994 च्या 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात खलनायक नायकाच्या मैत्रिणीला ठार मारतो आणि फ्रिजमध्ये कोंबून ठेवतो. आपण कौतुकाने ज्यावर विणलेला रुमाल घालतो, त्या फ्रिजमध्ये! का, तर नायकाचं रक्त खवळावं म्हणून. तिचं स्वतःचं असं काही उरतच नाही. हे वाचून गेल सिमोन नावाच्या एका बाईने 1999 मध्ये यादीच केली: मारल्या गेलेल्या, अत्याचार झालेल्या, शक्ती हिरावलेल्या नायिकांची. नावं शंभराच्या वर गेली. 1988 मध्ये गोळी लागून चाकाच्या खुर्चीत बसलेली बॅटगर्लही त्यात होती. या सिमोनबाई तेव्हा केस कापण्याचं काम करत, बरं का. कोणी प्राध्यापक नव्हत्या.

यावर रण माजलं. विरोधक म्हणाले, नायकही मरतात की! मरतात खरे, पण पुढच्या दोन-चार वर्षांत उठून बसतात. बाई मात्र गेली की बहुधा गेलीच, आणि तिच्या सुडावर त्याच्या गोष्टी चालतात. सिमोनबाई वाद घालून थांबल्या नाहीत. त्या स्वतः लिहू लागल्या. 2003 पासून त्यांनी त्याच खुर्चीतल्या बॅटगर्लला बुद्धीच्या बळावर पूर्ण टोळी चालवताना दाखवलं, आणि पुढे वंडर वूमनही त्यांच्याच हाती आली.

'कॉमिक्स घेतात मुलगे, मग त्यांच्या आवडीचंच काढणार,' ही सबब तुम्हीही ऐकाल. जपानकडे बघा. तिथे मुलींची स्वतंत्र चित्रसाप्ताहिकं निघत. रियोको इकेदा या बाईंची फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'व्हर्सायचा गुलाब' ही मालिका 1972 मध्ये अशाच एका साप्ताहिकात सुरू झाली आणि मुलींनी तिच्यावर उड्या टाकल्या. रुमिको ताकाहाशी तर 1978 पासून मुलग्यांच्या साप्ताहिकात लिहीत-काढीत आल्या. मुलांनी बाईचं नाव बघून अंक खाली ठेवला नाही.

आणि तरी 2016 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम गावच्या मोठ्या कॉमिक्स महोत्सवाने सर्वोच्च मानासाठी तीस नावं काढली, त्यात बाई एकही नाही! आयोजकांचं म्हणणं, या कलेच्या इतिहासात बायकाच कमी. त्यावर यादीतल्या दहाहून अधिक पुरुषांनी आपली नावं मागे घेतली. हे मला फार आवडलं. शेवटी यादीच रद्द झाली. ताकाहाशीबाईंना तो मान 2019 मध्ये मिळाला.

आता आपलं घर. 1964 ते 1990 या काळात निघालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतूनही येत. तुमच्या यजमानांना विचारा, वेताळ म्हटलं की डोळे चमकतील. (माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, हौशी लोक चांगली किंमत देतात.) त्यातली डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, पोहण्यात पटाईत. तरी लक्षात काय राहतं? तिला कोणी पळवलं आणि वेताळाने कसं सोडवलं! तिच्या नोकरीची गोष्ट कोणाला आठवते?

आपल्याकडेही बायकांनी पेन्सिल हाती घेतली. मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' ही व्यंगचित्रमाला 1982 पासून मुंबईच्या इंग्रजी 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये येत असे. कुरळ्या केसांची, स्वतःशी वाद घालणारी सुकी काही वाचकांना मुळीच मानवली नाही. आणि 'टिंकल'मध्ये 2015 साली मिझोरमची मापुई ही तेरा वर्षांची मुलगी 'विंगस्टार' म्हणून उडू लागली.

तेव्हा या सुटीत एक करा. मुलांनी आणलेलं कॉमिक जप्त करू नका, भाषणही देऊ नका. पहिल्या पानावर कोणाकोणाची नावं आहेत ती मोठ्याने वाचायला लावा. मग बायका किती, त्यातल्या बोलतात किती, आणि बोलतात तेव्हा 'वाचवा'शिवाय काही म्हणतात का, हे त्यांनाच बोटांवर मोजू द्या. नंतर गोष्ट नाटकासारखी वाचा, पण वाटणी उलटी करून: नायिका मुलांकडे, नायक नि खलनायक मुलींकडे. आमच्या वाड्यात हे करून झालंय. खलनायक कोणी व्हायचं यावरून मुलींत एवढी जुंपली की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. आणि आमचे चिरंजीव चार पानं नुसते 'वाचवा, वाचवा' ओरडून कंटाळले, म्हणाले, "आई, हिला दुसरं काहीच काम दिलं नाहीये!"