पाऊस थांबला तरी धबधबा का वाढतो? ठाणे-कल्याणकरांनी सहलीला निघण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकर सहलीला बाहेर पडतात. कुणी बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला जातं, कुणी माळशेज घाटात, तर कुणी येऊरला. याच दिवसांत पर्यटक वाहून गेल्याच्या, बुडाल्याच्या बातम्याही येतात. ‘पोहता येत नसताना पाण्यात उतरले,’ असं आपण सहज म्हणतो. पण अनेकदा माणसं गुडघाभर पाण्यात उभी असतात आणि पाणीच अचानक वाढतं.

पाणी अचानक का वाढतं?

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध खडकावर अडकलं. एकमेकांना घट्ट धरूनही त्यांच्यातले पाच जण वाहून गेले.

सह्याद्रीचा उतार तीव्र आहे आणि काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. त्यामुळे डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस थोड्याच वेळात ओढ्यात येतो. खाली ऊन पडलेलं असलं, तरी वरच्या पावसाचा लोंढा वाटेत असू शकतो.

धोका कसा ओळखायचा?

- स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर सामान सोडून लगेच काठावर या.
- परत येण्यासाठी ओढा ओलांडावा लागेल, अशा जागी बसू नका.
- धबधब्याखालच्या कुंडात उतरू नका. कातळातले खड्डे वरून दिसत नाहीत आणि पडणारं पाणी माणसाला खाली खेचतं.
- कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि 112 वर फोन करा.

बंदी असेल तर?

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोकादायक धबधबे आणि धरणांवर मनाई आदेश काढतात. 1 जुलै 2024 पासून हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 नुसार निघतात. पूर्वी हेच जमावबंदीचं कलम 144 होतं. आदेश मोडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे निघण्याआधी आदेश आणि हवामान खात्याचा इशारा, दोन्ही तपासा.

बारवी धरणाच्या खालच्या बाजूला जास्त काळजी घ्यावी लागते. या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी 72.60 मीटरवर गेली की ते आपोआप उघडतात.

कचरा जातो कुठे?

बारवी नदी पुढे उल्हास नदीला मिळते आणि कल्याण-डोंबिवली महापालिका पिण्याचं पाणी उल्हास नदीतूनच उचलते. म्हणजे ओढ्यात टाकलेली बाटली आणि उरलेलं जेवण आपल्याच नळाच्या दिशेने निघतं. काचेची बाटली शेतात फुटली, तर अनवाणी भात लावणाऱ्यांच्या पायात काच घुसते.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबटे आहेत आणि आदिवासी पाडेही. टाकलेल्या अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. सहलीची मंडळी संध्याकाळी घरी परततात, पण पाड्यावरच्या मुलांना त्याच वाटेने ये-जा करावी लागते. त्यामुळे स्पीकर घरीच ठेवा, गाडी पाड्याच्या वाटेत लावू नका आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सोबत न्या. ती भरली की घरी आणा.